‘६६’ हा आकडा नेमका कशाचा?

पत्र

माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. तीन वर्षांपूर्वी त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा जनुकीय आजार, असल्याचे निदान झाले. जनुकीय तपासणीच्या अहवालात एक्झॉन (जनुकाचे तुकडे) ४८ ते ५२ गहाळ असल्याचे लिहिले आहे. अजून तो चालतो, पण जिना चढताना कठड्याचा आधार लागतो. दीड वर्षापासून स्टेरॉइड सुरू आहे. बोलायला तो उशिरा लागला. वर्गात लक्ष नसते, पाढे पाठ होत नाहीत, तीन कामे सांगितली तर एकच होते. एखादी गोष्ट डोक्यात बसली की सोडत नाही आणि ठरलेल्यात बदल झाला तर घर डोक्यावर घेतो. याच मुलाला खापरीपासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंतची सगळी मेट्रो स्थानके क्रमाने पाठ आहेत. शाळेच्या सांगण्यावरून बुद्धिमापन चाचणी करून घेतली. शाळा सुटल्यावर, एकाच बैठकीत, सलग दोन तास. अहवालात शाब्दिक बुद्ध्यांक ८०, क्रियात्मक ५२ आणि एकूण ६६ असे देऊन ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ लिहिले आहे. आता शाळा विशेष शाळेचे नाव काढते आहे. सासरे म्हणतात, बिमारी पायांची आहे, डोक्याची नाही, पोरगा लाडाने बिघडला. यजमान म्हणतात, आता एकही चाचणी नको. स्नायूंसारखी त्याची बुद्धीही हळूहळू जाईल का, या विचाराने मला रात्र रात्र झोप नाही.
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो तुमची झोप घेऊन बसला आहे. नाही, ड्युशेनमध्ये स्नायूंची शक्ती जशी वर्षागणिक घटत जाते, तशी बुद्धी घटत जात नाही. या मुलांमध्ये शिकण्याच्या किंवा वागण्याच्या ज्या अडचणी दिसतात, त्या मेंदूच्या जडणघडणीतच, म्हणजे जन्माच्या आधीपासून असतात. वय वाढते तशी शाळेची मागणी वाढते आणि त्या अधिक उघड्या पडतात, एवढेच. पुढे कधी त्याची समज किंवा एकाग्रता खरोखरच खालावल्याचे जाणवले, तर ते आजाराचे ठरलेले पाऊल समजून स्वस्थ बसू नका. रात्रीचा श्वास, झोप, खिन्नता, औषधे यांपैकी काय बिघडले आहे, ते डॉक्टरांना शोधायला लावा. त्यातल्या बहुतेक कारणांवर उपाय असतो.

तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे मात्र पूर्णपणे खरे नाही, आणि लाडाचा दोष तर मुळीच खरा नाही. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो, त्या फ्रेंच डॉक्टर ड्युशेन यांनी १८६० च्या दशकातच आपल्या काही बालरुग्णांची समज मंद असल्याचे नोंदवले होते. त्याचे कारण कळायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. १९८७ साली डिस्ट्रोफिन हे प्रथिन ओळखले गेले आणि ते केवळ स्नायूंत नसून मेंदूतही असते, हे हळूहळू स्पष्ट झाले. हे प्रथिन तयार करणारे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि माणसाच्या शरीरातील सर्वांत लांब जनुकांपैकी ते एक आहे. त्यात ७९ एक्झॉन आहेत. या एकाच जनुकातून डिस्ट्रोफिनचे लांबआखूड असे अनेक प्रकार बनतात आणि त्यांतले काही प्रामुख्याने मेंदूसाठी असतात. दोष जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असेल, तर डिस्ट्रोफिनचा पूर्ण लांबीचा प्रकारच तेवढा बनत नाही. दोष जसजसा शेवटाकडे सरकतो, तसतसे मेंदूतील आखूड प्रकारही बाद होत जातात. डीपी १४० नावाचा असाच एक प्रकार गर्भावस्थेतील मेंदूत विशेष आढळतो. तुमच्या मुलाच्या अहवालात गहाळ असलेल्या पट्ट्यात एक्झॉन ५१ येतो, त्यामुळे त्याचा डीपी १४० बनत नसावा. अशा मुलांमध्ये शिकण्याच्या अडचणींची शक्यता वाढते. तरीही ती शक्यताच आहे, अगदी सारखा दोष असलेली दोन मुले अभ्यासात एकमेकांपासून फार वेगळी असू शकतात. म्हणून जनुकीय अहवाल काय शोधावे ते सांगतो. प्रत्यक्षात काय आहे, ते मुलासमोर बसल्याशिवाय कळत नाही.

आता त्या आकड्याकडे वळू. ८० आणि ५२ यांची सरासरी बरोबर ६६ येते. त्यावरून माझा अंदाज असा, की तुमच्या मुलाला मलिन यांची भारतीय मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी दिली गेली असावी, कारण तिच्यात शाब्दिक आणि क्रियात्मक अशा दोन भागांची सरासरी काढून एकूण बुद्ध्यांक मांडतात. डॉ. आर्थर मलिन यांनी वेश्लर यांच्या अमेरिकन चाचणीचे हे भारतीय रूपांतर आपल्या नागपुरातच, येथील बाल मार्गदर्शन केंद्रात काम करताना सिद्ध केले, आणि १९६९ साली प्रसिद्ध झालेली ती श्रेणी आजही देशभर वापरली जाते. या शहरात काम करताना मला त्याचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच ती चुकीच्या रीतीने वापरली गेली की वाईटही वाटते. तिच्या क्रियात्मक भागात ठोकळ्यांची रचना, तुकडे जोडून वस्तू जुळवणे, पेन्सिलने भूलभुलैयातून वाट काढणे, आकृत्यांखाली झरझर खुणा भरणे अशा उपचाचण्या असतात. यांपैकी बहुतेकांत घड्याळ लावलेले असते. ज्या मुलाचे खांदे आणि दंड दुबळे आहेत, ज्याला टेबलावर हात पुढे न्यायला शरीर झुकवावे लागते, जो दिवसभराच्या शाळेनंतर दमून आला आहे, तो या भागात मागे पडला तर आपण त्याची बुद्धी मोजली की दंड मोजले?

ही शंका माझ्या मनात ठामपणे येण्याचे आणखी एक कारण आहे. ड्युशेनच्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मुलांच्या १०० च्या मानाने ८० च्या आसपास आढळतो आणि साधारण तिघांपैकी एकाचा ७० च्या खाली असतो; परंतु आजवरच्या अभ्यासांत सहसा शाब्दिक बाजू क्रियात्मक बाजूपेक्षा थोडी मागे दिसते. तुमच्या मुलाचे चित्र नेमके उलटे आहे, आणि तेही तब्बल २८ अंकांनी. असा फरक दिसला की परीक्षकाने थांबून ‘असे का?’ असे विचारायला हवे होते. इतक्या दूरच्या दोन आकड्यांची सरासरी काढून तिला मुलाची बुद्धी म्हणणे मला मान्य नाही. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतःही ही चूक केली आहे. भूलभुलैयात अडकलेल्या एका मुलाची पेन्सिल वारंवार का थांबते, हे त्याच्या फिजिओथेरपिस्टने मला समजावून सांगितले, तोवर माझा अहवाल शाळेत पोहोचला होता. तो परत मागवून दुरुस्त करायला मला जे कष्ट पडले, त्याहून कितीतरी अधिक त्या मुलाला पडले.

मग तुमच्या मुलाला काहीच अडचण नाही, असे मी म्हणते आहे का? तसे नाही. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तीन कामे सांगितली तर एकच होते. पाढे बसत नाहीत. पण मेट्रोची स्थानके तोंडपाठ. घरच्यांना यातून वाटते की पोरगा मनात आणेल ते करतो आणि नको ते टाळतो. वस्तुतः स्मरणाच्या या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. स्थानकांची नावे त्याने शंभर वेळा ऐकली आहेत, फलकावर पाहिली आहेत, त्या वाटेने प्रवास केला आहे; ती पक्की साठवणीत गेली आहेत. ‘दप्तर ठेव, हात धू आणि आजोबांना जेवायला बोलाव’ हे मात्र त्याला एकदाच, फक्त कानांनी ऐकून, काम पुरे होईपर्यंत मनात धरून ठेवायचे असते. ऐकलेले थोड्या वेळापुरते मनात तोलून धरण्याची ही शक्ती ड्युशेनच्या मुलांमध्ये वारंवार कमकुवत आढळते, अगदी ज्यांचा बुद्ध्यांक उत्तम आहे त्यांच्यातसुद्धा. चाचणीत ती अंकस्मृतीच्या उपचाचणीत दिसते, ज्यात परीक्षक अंक उच्चारतो आणि मुलाने ते त्याच किंवा उलट क्रमाने म्हणायचे असतात. मलिन श्रेणीत ही उपचाचणी शाब्दिक भागात धरली जाते. तेव्हा त्या ८० च्या आतही कदाचित एक खोल खड्डा आणि दोन-तीन चांगल्या उंच जागा दडलेल्या असतील. ज्यांनी चाचणी घेतली, त्यांच्याकडून प्रत्येक उपचाचणीचा स्वतंत्र आकडा लेखी मागून घ्या. तुमच्या मुलाच्या अहवालातील तो तपशील मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. साम्य आणि आकलन या उपचाचण्यांचे आकडे चांगले आणि अंकस्मृती व अंकगणित यांचे कमी असतील, तर तुमच्या पत्रातील मुलगा आणि कागदावरील मुलगा एकमेकांशी जुळू लागतील.

बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्ध्यांकावरून होत नाही. रोजच्या व्यवहारात मूल किती जुळवून घेते, तेही पाहावे लागते. त्यासाठी आपल्याकडे बहुधा व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी वापरतात, आणि तिचेही भारतीय रूप मलिन यांनी नागपुरातच केलेले आहे. तिच्यात स्वतः कपडे घालणे, आंघोळ करणे, एकट्याने इकडेतिकडे जाणे अशा अनेक गोष्टी विचारल्या जातात. तुमच्या मुलाला शर्ट घालायला मदत लागत असेल, तर ती हात वर जात नाही म्हणून असू शकते, शर्ट कसा घालायचा ते कळत नाही म्हणून नव्हे. परीक्षकाने हा फरक नोंदवलाच पाहिजे. तुम्हीही उत्तर देताना नुसते ‘नाही, करता येत नाही’ असे म्हणू नका. ‘काय करायचे ते कळते, क्रमाने सांगतो, पण हात पोचत नाही’ असे पूर्ण वाक्य सांगा आणि ते लिहून घेतले जाईल याकडे लक्ष द्या.

म्हणून यजमानांना विनंती करा की मूल्यमापन एकदा पुन्हा होऊ द्यावे, मात्र नीट. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडेच ते व्हावे. नागपुरातील मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स, यांपैकी ज्या रुग्णालयात मुलाचे उपचार चालू असतील, तेथील बालरोग किंवा मेंदूविकार विभागाकडून चिठ्ठी घेऊन जा आणि चिठ्ठीत ‘ड्युशेन; हालचालींवर आणि वेळेवर अवलंबून नसलेल्या चाचण्यांना प्राधान्य द्यावे’ असे लिहून मागा. रेव्हन यांच्या रंगीत आकृत्यांच्या चाचणीत मुलाला बोट दाखवून उत्तर देता येते आणि घड्याळही नसते; हाताचा अडथळा टाळून तर्कशक्ती पाहायला ती उपयोगी आहे. काम दोन-तीन सकाळींत वाटून घ्यावे, एका वेळी पाऊण तासापेक्षा अधिक नको. पाय अधांतरी लोंबकळणार नाहीत अशी खुर्ची, कोपर टेकतील इतक्या उंचीचे टेबल आणि मधे पाणी पिण्याची सुटी, एवढ्याने आकडे बदललेले मी पाहिले आहेत. नजर आणि ऐकणे आधी तपासून घ्या. तो रात्री घोरत असेल किंवा स्टेरॉइड सुरू झाल्यापासून वजन बरेच वाढले असेल, तर तेही चाचणीपूर्वी डॉक्टरांना सांगा, कारण अपुऱ्या झोपेचे मूल आणि लक्ष नसलेले मूल वर्गात अगदी सारखेच दिसते.

वाचनाची तपासणी वेगळी मागा. उशिरा बोलू लागलेल्या या मुलांना शब्दातले ध्वनी सुटे करून ओळखणे अनेकदा जड जाते आणि वाचन अडखळते. येथे भाषेचा प्रश्न येतो. आपल्या शहरात घरी मराठी, गल्लीत खेळताना हिंदी आणि शाळेत इंग्रजी असे तीन प्रवाह एकाच मुलाच्या डोक्यातून वाहत असतात. चाचणी त्याच्या घरच्या भाषेत व्हावी, आणि त्याने घरात ऐकलेला बोलीतला शब्द उत्तर म्हणून दिला तर तो चूक धरला जाऊ नये. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल, तर वाचन त्या भाषेतही तपासावे, पण समज मापण्यासाठी ती भाषा वापरू नये.

वागण्याविषयी आता सविस्तर लिहिते, कारण घरातला ताण बहुधा त्यातूनच येतो. ड्युशेनच्या मुलांमध्ये अतिचंचलता व लक्ष न लागणे, स्वमग्नतेची लक्षणे, चिंता आणि एकाच विचारात अडकून राहणे हे इतर मुलांपेक्षा बरेच अधिक आढळते. त्यांपैकी तुमच्या मुलात काय आहे, हे पत्रावरून ठरवणे अयोग्य होईल. परंतु हट्ट आणि अडकणे यांत फरक आहे. हट्टी मुलाला हवे ते मिळाले की ते शांत होते. अडकलेल्या मुलाला ठरलेला क्रमच मोडल्याचे भय वाटते आणि हवी ती वस्तू हातात देऊनही ते सावरत नाही. पुढचे दोन आठवडे एका वहीत रोज चार ओळी लिहा. गोंधळ किती वाजता झाला, त्याच्या आधी काय घडले, किती वेळ टिकला आणि कशाने शमला. त्याच वहीच्या पहिल्या पानावर स्टेरॉइड कोणत्या महिन्यात सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली आणि चिडचिड केव्हापासून आहे, ते आठवून मांडा. स्टेरॉइडमुळे चिडखोरपणा आणि झोपेचा बिघाड होऊ शकतो, आणि औषधाची वेळ, मात्रा किंवा प्रकार बदलून डॉक्टर त्यावर मार्ग काढू शकतात. मात्र ताई, हे वाचून स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. दीड वर्ष चाललेले स्टेरॉइड एकाएकी थांबवले, तर शरीराची स्वतःची संप्रेरके पुरेशी नसतात आणि जिवाला धोका उत्पन्न होतो.

वहीत आणखी एक गोष्ट नोंदवा, जी चाचणीत कधीच येत नाही. तो शाळेत पाणी किती पितो? शौचालय दूर असेल, पायऱ्या असतील, मदतीला कोणी नसेल, तर ही मुले सकाळपासून पाणी पिणेच टाळतात. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये उन्हाचा पारा ४० अंशांच्या वर जातो, अशा दिवसांत तहानलेले, डोके दुखणारे, लघवी रोखून बसलेले मूल पाढे कसे म्हणेल? तसेच वर्गात पडण्याची आणि पडल्यावर इतर मुले हसण्याची भीती त्याला आहे का, स्वतःच्या आजाराबद्दल त्याला काय ठाऊक आहे, हेही एखाद्या निवांत संध्याकाळी हळुवारपणे विचारा. या वयातील मुलांना मोठ्यांच्या कुजबुजीतून बरेच कळलेले असते आणि जे कळलेले नसते, ते त्यांनी कल्पनेने भरून काढलेले असते.

हे सगळे ड्युशेनविषयी आहे, एवढे इतर वाचकांसाठी नमूद करते, कारण मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे अनेक आजारांचे एकत्रित नाव आहे. कंबर आणि खांद्यांच्या स्नायूंपासून सुरू होणाऱ्या प्रकारांत बुद्धीवर सहसा परिणाम होत नाही. मायोटॉनिक प्रकारात मात्र प्रौढ वयात दिवसा झापड येणे आणि कशातच उत्साह न वाटणे ही लक्षणे दिसतात. तक्रार रुग्ण करत नाही, घरचे करतात, आणि तिला आळस म्हटले जाते. तेथे तपासणीचा रोखच वेगळा ठेवावा लागतो.

शाळेला काय सांगावे, ते आता पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा नावानिशी उल्लेख आहे. तेव्हा परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, तळमजल्यावरील वर्ग या सवलतींसाठी ‘बौद्धिक अक्षमता’ हा शिक्का पत्करण्याची काहीएक गरज नाही; मूळ आजाराच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर आणि यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, कार्डावर त्या मागता येतात. प्रमाणपत्रातील अक्षमता ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे, आणि ती पसंती कुटुंबाची आहे, शाळेची नव्हे. विशेष शाळा वाईट असते असे मी मुळीच म्हणत नाही, पण असा निर्णय दमलेल्या मुलाच्या एका दुपारवर उभा राहू नये. नव्या अहवालाची वाट न पाहता वर्गशिक्षिकांना उद्याच सांगण्यासारख्या गोष्टी आहेत: सूचना एका वेळी एकच द्यावी, ती त्याच्याकडून परत म्हणवून घ्यावी, फळ्यावरचे उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्यावा, पाढ्यांचा तक्ता बाकावर चिकटवू द्यावा. वेळापत्रकात बदल असेल, तर तो आदल्या दिवशी सांगावा. शिक्षिकेला कारण कळले की ‘आळशी’ हा शब्द बहुधा आपोआप गळून पडतो, असा माझा अनुभव आहे.

खरे तर हे मूल्यमापन निदानाच्या वेळीच आणि शाळा सुरू होण्याच्या सुमारास व्हायला हवे होते. ड्युशेनच्या देखभालीविषयी २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तसे सांगतात, आणि दर भेटीत मुलाच्या व घरच्यांच्या मनःस्थितीची चौकशी करावी, असेही सांगतात. तुम्हाला ते कोणी सांगितले नाही, यात तुमचा दोष नाही. यापुढच्या भेटीत हृदय आणि फुप्फुसे तपासून झाली की ‘याच्या अभ्यासाचे आणि वागण्याचे काय?’ हा प्रश्न तुम्ही विचारा, आणि स्वतःच्या न लागणाऱ्या झोपेचाही उल्लेख करा. तोही त्या तपासणीचा भाग आहे.

मुलाला नेताना ‘परीक्षा आहे’ असे म्हणू नका. ‘तुला कोणत्या रीतीने शिकवले तर सोपे जाईल, ते त्या मावशी शोधणार आहेत’, असे सांगा, कारण खरोखर तेच होणार आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी जाण्याची वाट, खोली आणि परतीची वेळ त्याला क्रमाने सांगून ठेवा. जमले तर मेट्रोनेच न्या आणि कोणत्या स्थानकावर उतरायचे, ते त्यालाच ठरवू द्या. उपचाचण्यांचे आकडे हाती आले, की वहीतील नोंदींसह मला पुन्हा लिहा.